गोव्यात जुनी कन्व्हर्टिबल मोटर यॉट घ्यायची तर काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं

सकाळचे सात वाजले होते, ब्रिटोनाला नदीवर अजून धुकं होतं. आमच्याबरोबर आलेल्या मालिमच्या ट्रॉलर मेकॅनिकने बोटीच्या हॉलमध्ये पाऊलसुद्धा ठेवलं नाही, कॉकपिटमधून थेट इंजिनरूममध्ये उतरला, ब्लॉकवर तळहात ठेवला आणि मला म्हणाला, "बाब, हांगा हात लाय." मी हात लावला तर इंजिन कोमट. मालक आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते की बोट चार दिवस बंद आहे.

ती बोट आम्ही घेतली नाही. दमलेलं डिझेल इंजिन थंड असताना कुरकुरतं, धूर ओकतं, दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो, आणि एकदा गरम झालं की शहाण्यासारखं चालतं. म्हणून काही लोक गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास चालवून ठेवतात. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे, जुनी बोट बघायला गेलो की आधी इंजिनाला हात, मग मालकाशी नमस्कार-चमत्कार. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, पणजीत वीस वर्षं झाली, मेहुणा आणि मी मिळून एक ३८ फुटी कन्व्हर्टिबल गेले सात सीझन चालवतोय, आणि ती घ्यायच्या आधी अकरा बोटी बघितल्या. हल्ली बरेच जण विचारतात म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी शब्द समजून घ्या. कन्व्हर्टिबल म्हटलं की गाडीसारखं छप्पर उघडणारी बोट असं वाटतं, तसं काही नाही. मागे मोठा मोकळा कॉकपिट, पाण्याच्या अगदी जवळ, मासेमारीसाठी; मध्ये बंद हॉल, त्याच्यापुढे खाली एक-दोन केबिन आणि किचन; आणि वर फ्लायब्रिज, जिथून बोट चालवायची. म्हणजे दिवसभर गळ टाकायचे आणि रात्री घरासारखं झोपायचं, एकाच बोटीत दोन्ही कामं, म्हणून कन्व्हर्टिबल. हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा प्रकार. १९६० साली नॉर्थ कॅरोलिनात हॅटरसची ४१ फुटी फायबरग्लासची बोट पाण्यात उतरली तिथून या जातीने जोर धरला, बर्ट्राम आणि वायकिंग ही त्यातलीच मोठी नावं. आपल्याकडे अशा बोटी मोजक्याच फिरतात, त्यामुळे कधीकधी साध्या फ्लायब्रिज क्रूझरलाही विकणारे कन्व्हर्टिबल म्हणतात. नावावर जाऊ नका, मागचा कॉकपिट आणि वरचं सुकाणू बघा.

तुम्ही कुठे जाणार ते आधी कागदावर लिहा

हे काम घरी बसून करायचं आहे आणि नव्वद टक्के लोक हेच करत नाहीत. क्रूझिंग म्हणजे तुमच्यासाठी नक्की काय? रविवारी आग्वादच्या बाहेर चक्कर मारून ग्रँड आयलंडला पोहून परत यायचं असेल तर कुठलीही बरी बोट चालेल. पण वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग करत वर जायचं असेल, किंवा खाली कारवारला, तर हिशोब वेगळा. पणजीहून मालवण साधारण ३५ ते ४० नॉटिकल मैल, मुंबई सव्वादोनशेच्या आसपास.

आता डिझेलचा हिशोब बघा, कारण बोट परवडते की नाही हे किमतीवर ठरत नाही, यावर ठरतं. डिझेल इंजिन ढोबळ मानाने एका हॉर्सपॉवरला तासाला २०० मिली तेल खातं. समजा ३५० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं आहेत आणि तुम्ही ७० टक्के ताकदीवर चाललाय, तर तासाला शंभर लिटरच्या आसपास, आणि वेग समजा १८ नॉट, म्हणजे तासाला १८ नॉटिकल मैल. म्हणजे मालवणपर्यंत दोन तासात दोनशेहून जास्त लिटर. तीच बोट ८ नॉटवर चालवा, तासाला वीस लिटर धरा, पावणेपाच तास लागतील पण शंभर लिटरच्या आत पोचाल. हा ८ आकडा हवेतून आलेला नाही, पाण्यावरच्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४ हे सूत्र आहे, ३६ फुटाला सहा गुणिले १.३४ म्हणजे ८ नॉट, त्याच्यापुढे बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते आणि तेल ओतावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, गोव्यातून क्रूझिंग करणाऱ्याने बोट निवडताना ती टॉप स्पीडला किती पळते यापेक्षा ८ नॉटवर चार तास कशी वागते ते बघायचं. आणि इथे कन्व्हर्टिबलची खोट आहे ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. हा हल, म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं अंग, पळण्यासाठी बनवलेला, हळू चालताना बाजूने लाट आली की डोलतो, आणि तुम्ही वर फ्लायब्रिजवर बसलेले असता तिथे ते डोलणं दुप्पट जाणवतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असताना समुद्र सपाट असतो, तेव्हा निघायचं आणि दुपारी वायव्येचा वारा भरायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हे ज्याला जमतं त्याला ही बोट सुख देते. दुपारी जेवून निघणाऱ्यांनी दुसरा प्रकार बघावा.

आणखी एक, घरात कोण कोण आहे ते बघा. फ्लायब्रिजला बऱ्याच बोटींवर उभी शिडी असते. माझी आई सत्तरीची, ती सात वर्षांत एकदाच वर आली. खालच्या हॉलमध्ये दुसरं सुकाणू असेल तर फार उत्तम, पावसाची सर आली तरी आत बसून चालवता येतं, पण सगळ्या बोटींवर ते नसतं. कॉकपिटवर सावली असते का, की ताडपत्री बांधावी लागणार? एप्रिलमध्ये आपल्याकडे उघड्या कॉकपिटमध्ये दहा मिनिटं बसवत नाही. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, कुठे ठेवणार? मालवणला किंवा वेंगुर्ल्याला नांगर टाकून राहिलात तर किनाऱ्यावर जायला ती लागणारच. पुढे नांगरापर्यंत जायची बाजूची वाट किती अरुंद आहे, रात्री एका हाताने रेलिंग धरून जाता येतं का, हे स्वतः चालून बघा.

खोली आणि उंची

चाळीस फुटाच्या आसपासची कन्व्हर्टिबल साधारण साडेतीन ते साडेचार फूट पाणी ओढते आणि तिचे दोन्ही प्रोपेलर खाली उघडे असतात, पुढे वाळूला अडवणारं काही नाही. शापोराच्या तोंडाशी वाळू, मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा पट्टा, साळ नदीत तर बोलायलाच नको. उधाणाला भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे सकाळी आरामात बाहेर पडलेली बोट दुपारी परत येताना बसू शकते. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, फरक कमी. तुम्ही बोट जिथे बांधणार आहात तिथे भर ओहोटीला जाऊन काठी टाकून खोली मोजा, आणि वरचं टोक, म्हणजे अँटेना आणि आउटरिगर (गळाचे दोर बाजूला धरणारे लांब दांडे) धरून, नदीवरच्या पुलाखालून भरतीला जातं का तेही मोजा. हे बोट बघायच्या आधी.

इंजिनरूममध्ये दोन तास

आता खरं काम. मेकॅनिक न्या, आणि यॉटवाला मेकॅनिक मिळाला नाही तर ट्रॉलरचा किंवा बार्जचा न्या, गोव्यात ही माणसं सोन्यासारखी आहेत. त्याला एकच प्रश्न आधी विचारा, हे इंजिन तू उघडशील का? कमिन्स आणि कॅटरपिलरला इथे हात लावणारे मिळतात. जुन्या अमेरिकन बोटींमध्ये डेट्रॉइटची टू-स्ट्रोक इंजिनं येतात, दणकट असतात, पण त्यांना आपलं नेहमीचं मल्टीग्रेड ऑइल चालत नाही, सिंगल ग्रेड ४० लागतं, आवाज प्रचंड, आणि इथे ते इंजिन जाणणारे कमी. कॅटरपिलर ३२०८ खूप बोटींवर दिसेल, चांगलं चालतं, पण त्यात बदलता येणारे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, नाहीत, सिलिंडर झिजला की काम मोठं होतं.

थंड इंजिन सुरू करा आणि मागे उभं राहून धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा येऊन विरला तर ठीक. पांढरा जातच नाही तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंजिनावर लोड जास्त किंवा हवा कमी. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर काढून बघा, वाफारा जोरात फुसफुसत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. दोन्ही इंजिनांचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल बाटलीत घेऊन लॅबला पाठवा, खर्च किरकोळ आहे आणि त्यात येणारं लोखंड, तांबं, मीठ यावरून आतलं दुखणं कळतं.

मग एक्झॉस्टची एल्बो, जिथे समुद्राचं पाणी धुरात मिसळतं. खारं पाणी आणि उष्णता एकत्र आली की ती आतून सडते, आणि सडली की पाणी उलटं इंजिनात. जोडाशी गंजाचे ओघळ किंवा मिठाची पांढरी पापुद्री दिसली तर समजा ती बदलायची आहे. हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचं पाणी थंड करतो तो) शेवटचा कधी उघडला, इंपेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चक्र) कधी बदलला, त्याची बिलं मागा. बिलं नसतील तर केलं नाही असं धरायचं.

आणि टाक्या. आमच्या बोटीत इंजिनं चांगली निघाली, हल चांगला निघाला, आणि आम्ही डिझेलच्या टाक्या फक्त गेज बघून सोडल्या. दुसऱ्या सीझनला बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीच्या, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसायला लागला, मग वास, मग केबिनमध्ये कोणी झोपेना. अ‍ॅल्युमिनियमची टाकी खालून ओल्या फोमवर बसवलेली होती, आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. टाकी बाहेर काढायला कॉकपिटची आख्खी फरशी कापावी लागली, नवी टाकी, परत फायबर, परत जेलकोट, त्यात आमचा नोव्हेंबर-डिसेंबर दोन्ही गेले. ज्याने विकली त्याला हे माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण तुम्ही टाकीचं इन्स्पेक्शन झाकण उघडायला लावा, तळातून डिझेल काढून काचेच्या बाटलीत ठेवा, पाणी खाली बसतं ते दिसेल, आणि शक्य असेल तर हलक्या हवेच्या दाबाने टाकी तपासून घ्या. सगळ्यात आधी बिल्जमध्ये नाक घाला. रंग काल मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या.

वीज: इथे बरेच जण फसतात

अमेरिकेत बनलेल्या बोटीचं वायरिंग १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. आपल्या धक्क्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावू म्हणतात, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० वर चालणारी मोटर ५० वर हळू फिरते आणि तापते, एसीचे कॉम्प्रेसर आणि पंप सगळ्यात आधी जातात. जनरेटर ६० हर्ट्झसाठी १८०० आरपीएमवर फिरतो, ५० साठी १५०० वर आणावा लागतो, त्यात ताकदही कमी होते. हे सगळं कोणी आधीच बदललं असेल तर कोणी केलं, कसं केलं, डायग्राम आहे का ते बघा, कारण अर्धवट बदललेलं वायरिंग हे न बदललेल्यापेक्षा वाईट आणि आगीला आमंत्रण. यासाठी चांगला मरीन इलेक्ट्रिशियन अर्धा दिवस घ्या, घरचं वायरिंग करणारा नको.

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका

स्लिपवेवर चढवायचा खर्च साधारण घेणाराच करतो, करा. सर्व्हेयर तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. तो छोट्या हातोडीने डेक आणि हल ठोकत जाईल, खणखणीत आवाज आला तर चांगलं, भद्द आवाज आला तर आतला बाल्साचा लाकडी थर कुजलाय. तुम्हीपण ठोका, पाच मिनिटात कान तयार होतो. खिडक्यांच्या कडा, फ्लायब्रिजच्या रेलिंगचे बोल्ट, नांगर ओढायचं यंत्र (विंडलास) जिथे बसवलंय ती जागा, पावसाचं पाणी शिरतं ते इथूनच, आणि गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस सुईच्या भोकातूनही वाट काढतो. पाण्याखालच्या भागावर फोड असतील तर एखादा फोडून बघा, आतून आंबट वासाचं पाणी आलं तर ऑस्मोसिस, म्हणजे फायबरमध्ये पाणी झिरपलंय. थोडे असतील तर घाबरायचं कारण नाही, भाव करायचं कारण आहे. पूर्ण अंगभर असतील तर सोडा.

शाफ्ट हाताने वरखाली हलवून बघा, फार खेळत असेल तर बेअरिंग गेलं. प्रोपेलरचा रंग पिवळ्याचा गुलाबीसर झाला असेल तर त्यातलं जस्त खाल्लं गेलंय, म्हणजे बोटीत कुठेतरी करंट गळतोय. सी-कॉक, म्हणजे हलमधून समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, एकेक उघडून बंद करून बघा, जो फिरत नाही तो संकटाच्या वेळीही फिरणार नाही.

समुद्रात ट्रायल

नदीतली चक्कर म्हणजे ट्रायल नव्हे. आग्वादच्या बाहेर न्या, टाक्या निदान अर्ध्या भरलेल्या आणि पाच-सहा माणसं बोटीवर असू द्या. इंजिनाच्या प्लेटवर समजा २८०० आरपीएम लिहिलंय, तर पूर्ण थ्रॉटलला तेवढे आले पाहिजेत. २५०० वर अडकलं तर तळ शेवाळ-बार्नॅकलने भरलाय, किंवा प्रोपेलर इंजिनाला जड जातोय, किंवा इंजिन दमलंय, आणि बोट बाहेर काढून तळ साफ केल्यानंतरही तेच असेल तर पहिलं कारण बाद. आपलं पाणी एप्रिल-मेमध्ये २९-३० अंश असतं, थंड देशात व्यवस्थित चाललेली इंजिनं इथे तापतात, म्हणून वीस मिनिटं जोरात चालवून दोन्ही इंजिनांची तापमानं टेंपरेचर गनने एकाच जागी मोजून तुलना करा. एक ८० आणि दुसरं ९५ दाखवत असेल तर दुसऱ्याचा पाण्याचा रस्ता चोंदलाय.

मग ८ नॉटवर आणा, लाट बाजूने घ्या आणि पंधरा मिनिटं तसेच चला. बायको, मुलं, जे तुमच्याबरोबर नेहमी येणार आहेत त्यांना याच वेळी बोटीवर असू द्या. शेवटी दोन्ही इंजिनं न्यूट्रलला टाकून नांगर टाका आणि दहा मिनिटं गप्प बसा. हेच तुमचं मालवण असणार आहे.

कागद

गोव्यात नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे होते, त्यांच्या पणजीच्या ऑफिसात जाऊन नोंदणीचा कागद खरा आहे का, इंजिन नंबर जुळतात का, खाजगी वापराची नोंद आहे की प्रवासी व्यवसायाची, हे स्वतः विचारून या. बोट बाहेरून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती पाहिजेच, ती नसेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. दुबईहून स्वस्त आणून देतो म्हणणाऱ्यांना विचारा की ड्युटी धरून किती, कारण यॉटवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच ४० टक्के आहे आणि कस्टम ड्युटी वेगळी. बँकेचा बोजा, धक्क्याची थकबाकी, विमा, व्हीएचएफ रेडिओ सेटचा परवाना, हे बाकीचं. महाराष्ट्रात जाणार असाल तर निघताना आणि पोचल्यावर कुठे कळवायचं तेही कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडेच आधी विचारून घ्या.

भाव आणि वेळ

सगळ्यात चांगला काळ एप्रिल अखेर ते मेचा मध्य. विकणाऱ्याला पावसाळ्यात बोट कुठे ठेवायची, झाकायची, राखण कोण करणार याची चिंता लागलेली असते, आणि समुद्र अजून ट्रायल घेता येण्यासारखा असतो. जूनमध्ये भाव आणखी उतरतो पण तेव्हा आग्वादच्या बाहेर जाऊन ट्रायल होत नाही, आणि ट्रायल न घेता स्वस्तात मिळणारी बोट मी तरी घेणार नाही. सर्व्हेचा रिपोर्ट पुढे ठेवून दुरुस्तीची यादी आकड्यांसकट द्या, आवाज न चढवता. तुमच्याकडे एकूण जेवढे पैसे आहेत त्यातला तिसरा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यातच बोट बसली पाहिजे, कारण पहिल्या वर्षात तो हिस्सा लागतो, आणि पुढे दरवर्षी किमतीच्या दहा टक्के धरून चाला.

ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही इंपेलर, सगळे फिल्टर, सगळे बेल्ट, झिंक (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे) आणि अडकलेले सी-कॉक नवे घाला, मागच्या मालकाने कालच बदललेत म्हणाला तरी. बिल्ज पंप पाणी ओतून चालवून बघा. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची वेगळी घ्या. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर फ्लायब्रिजवर लिहून ठेवा. पहिली ट्रिप वेंगुर्ल्याची करा, पंचवीस नॉटिकल मैलांच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पहाटे निघून, आणि टाकीतल्या तेलाचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक हात न लावण्यासाठी. मेकॅनिकलाही बरोबर घ्या. आमच्या पहिल्या ट्रिपला तो आला होता, वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत चार वेळा इंजिनरूममध्ये उतरला, आणि बंदरात नांगर पडल्यावर वर येऊन हात पुसत म्हणाला, आता भूक लागली.